खांबावरचं नाव : दान की नासधूस?

मंडळी, आपल्या पैठणकरांची नावं दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेली आहेत, माहीत आहे का?

कन्नड तालुक्यातल्या पितळखोरा लेण्यांत चैत्यगृहाच्या खांबावर ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. पतिठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, मितदेव गंधिकाच्या घराण्याचं हे दान, एवढंच त्यात सांगितलंय. गंधिक म्हणजे अत्तरं, सुगंधी माल विकणारा.

आता अजिंठा. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीच्या निमित्तानं दहाव्या लेण्यात पोचला आणि खांबावरच्या चित्रावरच आपलं नाव आणि तारीख कोरून गेला. आज तीच तारीख अजिंठ्याच्या ‘शोधाची’ म्हणून पाठ करतो आपण!

नाव दोघांचंही कोरलं गेलं. फरक एवढाच, मितदेवाच्या घराण्यानं आधी दान दिलं, मग नाव आलं. स्मिथनं दिलं काहीच नाही, उलट दुसऱ्याचं काम बिघडवलं.

कुणी म्हणेल, कान्हेरीत १००९ आणि १०२१ साली पारशी पाहुण्यांनी कोरलेले पहलवी लेख आज इतिहासाचं साधन आहेतच की! मग आमचं बदामातलं नावही उद्या इतिहास होईल. होईलही. पण त्याखालचं चित्र परत येणार नाही.

संरक्षित स्मारक खराब केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

हौस आहे ना? मालकाला विचारून गल्लीतली भिंत झकास रंगवा. बघायला आम्ही येतो. जुन्या दगडाला मात्र हात लावू नका.