'बायकी' ठरण्याची शिक्षा

समलिंगी आकर्षण असणाऱ्या व्यक्तींविषयी समाजात आढळणारी भीती, तिटकारा आणि द्वेष या साऱ्यांना मिळून 'होमोफोबिया' असे म्हटले जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज वाइनबर्ग यांच्या १९७२ सालच्या पुस्तकामुळे हा शब्द रूढ झाला. मराठीत त्यासाठी 'समलिंगीद्वेष' असा पर्याय वापरता येतो. परंतु हा द्वेष रोजच्या व्यवहारात ज्या शब्दांतून प्रकट होतो, त्यांत आकर्षणाचा उल्लेख क्वचितच असतो. 'बायल्या', 'बायकी', 'बांगड्या भर' हे सारे शेरे चालण्याविषयी, आवाजाविषयी, हातवाऱ्यांविषयी असतात. शाळेच्या मैदानावर ज्या मुलाला या नावांनी हाक मारली जाते, त्याला कोण आवडते हे चिडवणाऱ्यांना ठाऊक नसते. बहुतेक वेळा त्या मुलालाही ते अजून उमगलेले नसते. त्याला शिक्षा मिळते ती 'पुरुषासारखे' न वागल्याची.

पुरुषाने कसे असावे आणि स्त्रीने कसे असावे, याविषयीच्या साचेबद्ध कल्पनांना लिंगभावाचे साचे म्हणतात. एखाद्या व्यक्तीला स्वतःची ओळख स्त्री, पुरुष की आणखी काही अशी वाटते, हा एक प्रश्न. तिचे वागणे-बोलणे, पेहराव कसा आहे, हा दुसरा. आणि तिला कोणाविषयी आकर्षण वाटते, हा तिसरा. या तिन्हींचा परस्परांशी ठरीव संबंध नाही. दणकट शरीराचा, मिशीला पीळ देणारा पुरुष समलिंगी असू शकतो आणि मृदू आवाजाचा, हळव्या स्वभावाचा पुरुष पत्नीवर मनापासून प्रेम करणारा असू शकतो. साचा मात्र तिन्ही गोष्टी एकाच दोरीने बांधतो. त्यामुळे पहिला संशयातून सुटतो, घरच्यांच्या आग्रहाखातर बोहल्यावर चढतो आणि त्याच्याबरोबर एका मुलीचेही आयुष्य अडकते. दुसरा विनाकारण छळला जातो.

या गुंत्याचे बोलके उदाहरण महाराष्ट्राच्या रंगभूमीनेच दिले आहे. स्त्रियांनी रंगमंचावर येणे निषिद्ध मानले जात होते, त्या काळात संगीत नाटकांतील नायिका पुरुषच रंगवीत. नारायण श्रीपाद राजहंस अर्थात बालगंधर्व (१८८८-१९६७) यांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू पाहण्यासाठी प्रेक्षकांची झुंबड उडे आणि त्यांच्या साड्या-दागिन्यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच मराठी मुलखात तमाशाच्या फडावरचा 'नाच्या' मात्र कुचेष्टेचा धनी होता. दोघेही पुरुष आणि दोघांनाही पोटापाण्यासाठी बायकी हावभाव करावे लागत. तरी एकाला गंधर्वपद मिळाले आणि दुसऱ्याच्या वाट्याला शिट्या आल्या. यामागे जात आणि वर्ग होतेच. शिवाय बालगंधर्वांचे बाईपण पडदा पडताच संपते, अशी प्रेक्षकांची खात्री होती. नाच्याच्या बाबतीत ती खात्री कोणी बाळगली नाही. तेव्हा 'आपल्याकडे पूर्वीपासून असे पुरुष स्वीकारले जात' हा दाखला फार ताणू नये. तो स्वीकार रंगमंचापुरता होता.

आनंद यादव यांच्या 'नटरंग' या कादंबरीचा आणि त्यावरून रवी जाधव यांनी केलेल्या २०१० सालच्या चित्रपटाचा विषय हाच आहे. गुणा हा कुस्तीचा शौकीन, बायकापोरांचा धनी असलेला शेतमजूर. फडाला नाच्या मिळेना म्हणून तो स्वतः नाच्या होतो आणि पीळदार शरीर जाणीवपूर्वक उतरवतो. त्याला पुरुषांचे आकर्षण नाही. तरीही गाव त्याला हिणवते, संसार तुटतो आणि अखेर त्याच्यावर पुरुषांकडूनच लैंगिक अत्याचार होतो. राजीव पाटील यांच्या 'जोगवा' (२००९) मधला, देवीच्या नावाने लुगडे नेसायला लावलेला तायाप्पा एका स्त्रीवरच प्रेम करतो. पण कोणी त्याला पुरुषांत मोजत नाही. या दोन्ही कथा समलिंगी व्यक्तींच्या नाहीत. समलिंगीद्वेषाचा मार साच्याबाहेर पाऊल टाकणाऱ्या कोणालाही बसू शकतो, हे त्या जितके स्पष्ट दाखवतात तितके एखादे शास्त्रीय विवेचन क्वचितच दाखवील.

पेहराव आणि लैंगिक वर्तन यांची ही सांगड ब्रिटिश राजवटीने कायद्यातही घातली. भारतीय दंड संहितेचा पहिला मसुदा १८३७ मध्ये लॉर्ड मेकॉले यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. याच मेकॉले यांनी १८४१ मधील वॉरन हेस्टिंग्जवरील निबंधात बंगाली पुरुषांना दुबळे आणि बायकी ठरवले होते. जित लोकांचे पौरुष नाकारणे, हा राज्य करण्याच्या समर्थनाचा एक भाग होता. संहिता १८६० मध्ये संमत होऊन १८६२ पासून लागू झाली आणि तिच्या ३७७ व्या कलमाने 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंध दंडनीय ठरवले. पुढे उत्तर हिंदुस्थानात लागू झालेल्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात 'षंढां'साठी स्वतंत्र भाग होता. मुले पळवणे, त्यांचे खच्चीकरण करणे किंवा ३७७ कलमाखालील गुन्हा करणे, यांपैकी कशाचाही संशय आला की अशा व्यक्तीचे नाव नोंदवहीत चढवले जाई. नोंद झालेली व्यक्ती रस्त्यावर स्त्रीवेषात दिसली किंवा नाचली, तर तिला वॉरंटाविना अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. म्हणजे संशय एका गोष्टीचा आणि शिक्षा लुगड्याची!

स्त्रियांच्या बाबतीत साचा वेगळ्या रीतीने काम करतो. 'मर्दानी' हा शब्द स्तुतीचा आहे, 'बायकी' हा शिवीचा. कारण बाईपण हेच मुळात खालच्या पायरीचे मानले गेले आहे. बुलेट चालवणाऱ्या लेकीविषयी 'मुलासारखी वाढवली' असे बाप अभिमानाने सांगतो. ती लग्नाला नकार देते तेव्हा हा अभिमान टिकत नाही. विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' (१९८१) मध्ये मराठी रंगभूमीवर समलिंगी नायिका आणण्याचे धाडस केले खरे. पण तीही पुरुषी चालीची, 'मित्रा' म्हणवून घेणारी. साडी नेसणारी, मृदू बोलणारी स्त्री दुसऱ्या स्त्रीवर प्रेम करू शकते, हे स्वीकारणे प्रेक्षकांना बहुधा अधिक कठीण गेले असते.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे संबंध ३७७ कलमाच्या कक्षेतून वगळले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात हा संबंध नेमका पकडला. स्त्री-पुरुषांच्या ठरीव भूमिकांवर आधारलेला भेदभाव हा घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने मनाई केलेला लिंगाधारित भेदभावच होय, आणि समलिंगी व्यक्तींविरुद्धचा भेदभाव त्याच भूमिकांवर उभा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याआधी २०१६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि लिंगभाव यांवरून होणारा छळ समाविष्ट केला होता. मात्र ही तरतूद उच्च शिक्षणापुरती आहे. 'बायल्या' हा शब्द मुले त्याच्या कितीतरी आधी, शाळेतच शिकतात.

कायद्यातला साचा तरीही पुरता मोडलेला नाही. बलात्काराच्या व्याख्येत आरोपी पुरुष आणि पीडित स्त्री हीच जोडी गृहीत धरलेली आहे. पुरुषावर असा अत्याचार होऊच शकत नाही, या समजुतीचे हे कायदेशीर रूप. २०१३ मध्ये न्या. वर्मा समितीने पीडितांच्या व्याख्येत सर्वांना सामावून घेण्याची शिफारस केली होती. ती मान्य झाली नाही. बालकांसाठीचा २०१२ चा 'पॉक्सो' कायदा मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही, परंतु त्याचे संरक्षण अठराव्या वर्षी संपते. तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याने लैंगिक अत्याचाराला सहा महिने ते दोन वर्षे इतकीच शिक्षा ठेवली. स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे.

२०१८ च्या निकालानंतरही संमतीविना केलेल्या कृत्यांपुरते ३७७ कलम शिल्लक होते आणि प्रौढ पुरुषांना तेवढाच आधार होता. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. संसदेच्या स्थायी समितीने ही तरतूद राखण्याची सूचना केली होती, तरीही नव्या संहितेत तिला स्थान मिळाले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, हा संसदेचा अधिकार असल्याचे सांगत, यासंबंधीची याचिका स्वीकारण्यास नकार दिला. गुणासारखा माणूस या संहितेखाली फिर्याद द्यायला गेला, तर त्याची तक्रार मारहाण, दुखापत अशा कलमांखालीच नोंदवावी लागेल.