पंचायती राज समिती

महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषद यांच्या सदस्यांची संयुक्त समिती. जिल्हा परिषदा व पंचायत समित्या यांचे हिशेब व कारभार तपासून विधिमंडळाला अहवाल देणे हे तिचे काम. जिल्हा परिषदेच्या कचेऱ्यांत तिला ‘पीआरसी’ म्हणतात. प्रस्तुत नोंदीत हे काम सिंधुदुर्ग जिल्ह्यातील तोंडवली (ता. मालवण) या गावाच्या बाजूने पाहिले आहे. कणकवली तालुक्यातील तोंडवली हे गाव वेगळे.

मालवण शहराच्या उत्तरेस असलेल्या या गावाची तळाशील ही वाडी समुद्र आणि गड नदीची खाडी यांमधल्या चिंचोळ्या वाळूपट्टीवर वसली आहे. पट्टीच्या टोकासमोर सर्जेकोट. वस्ती मुख्यतः मच्छीमारांची. किनाऱ्याची धूप हा इथला जुना प्रश्न. दवाखाना, घरकुल आणि बंधारा या तिन्हींसाठी सरकारी पैसा लागतो, पण तिन्हींचा जाब विचारणारे सभागृहातले दरवाजे निरनिराळे आहेत.

कायद्याचा पाया : वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, 1961 झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला व त्याची स्वतंत्र जिल्हा परिषद आली. 73व्या घटनादुरुस्तीने (अंमल 24 एप्रिल 1993) पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय अकराव्या अनुसूचीत घातले. ग्रामीण गृहनिर्माण आणि आरोग्य व स्वच्छता हे त्यांतलेच. विषय खाली आले, पण पैशाचा मोठा भाग राज्य व केंद्राकडूनच येत राहिला. विधिमंडळाच्या देखरेखीचे कारण इथे आहे.

कामकाज : सुरुवात होते ती स्थानिक निधी लेखापरीक्षकांच्या शेऱ्यांपासून. त्यांनी काढलेल्या आक्षेपांचे परिच्छेद वर्षानुवर्षे साठतात. जिल्हा परिषद त्यांचे अनुपालन सादर करते, काही परिच्छेद वगळले जातात, उरलेले समितीपुढे येतात. मग जिल्ह्याचा दौरा, बहुधा तीन दिवसांचा. आधी जिल्ह्यातील आमदारांशी व जिल्हा परिषदेच्या पदाधिकाऱ्यांशी चर्चा होते. नंतर गट पाडून पंचायत समित्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे, शाळा, ग्रामपंचायती यांना भेटी दिल्या जातात. शेवटी मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष होते. जिथे उत्तर पटत नाही तिथे संबंधित विभागाच्या सचिवांना मुंबईत साक्षीला बोलावतात.

या पद्धतीचे बळ आणि दोष एकाच ठिकाणी आहेत. आक्षेप जुने असतात. खर्च केलेला अधिकारी बदलून गेलेला किंवा निवृत्त झालेला असतो आणि उत्तर द्यायला उभा राहतो तो ज्याने ती फाईल प्रथमच उघडलेली आहे. दौऱ्याची तारीख आधी जाहीर होत असल्याने दवाखान्याला रंग लागतो, नोंदवह्या पूर्ण होतात. तरीही केवळ समितीच्या धाकाने थकलेली वसुली झाली, अपूर्ण काम पुरे झाले, असे जिल्हा परिषदेत काम केलेले लोक सांगतात. ते खोटे मानायचे कारण नाही. दौऱ्यांच्या पाहुणचाराबद्दल मात्र नेहमीच कुजबुज असते. मे 2025 मध्ये विधिमंडळाच्याच दुसऱ्या एका समितीच्या, म्हणजे अंदाज समितीच्या, धुळे दौऱ्याच्या वेळी तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या खोलीत सुमारे 1 कोटी 84 लाख रुपये रोख सापडले आणि चौकशीसाठी विशेष पथक नेमावे लागले. त्या घटनेने सर्वच समित्यांच्या दौऱ्यांकडे लोक संशयाने पाहू लागले.

आरोग्य : उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, तर ग्रामीण रुग्णालय थेट राज्याच्या आरोग्य विभागाकडे. त्यामुळे तोंडवलीचा रुग्ण उपकेंद्रात असेपर्यंत त्याच्यावरचा खर्च पंचायती राज समितीच्या नजरेखाली असतो. त्याला मालवणच्या ग्रामीण रुग्णालयात हलवले की तो लोकलेखा समितीच्या कक्षेत जातो. ही दुसरी समिती भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांच्या अहवालांवर चालते. महाराष्ट्रातील आरोग्यसेवेवरचा त्यांचा अहवाल डिसेंबर 2024 मध्ये सभागृहांत मांडला गेला. डॉक्टरांची 27 टक्के व परिचारिकांची 35 टक्के कमतरता त्यात नोंदवली आहे.

घरे : प्रधानमंत्री आवास योजना–ग्रामीण (2016) खाली सपाट प्रदेशात घरामागे 1,20,000 रुपये मिळतात. लाभार्थ्याला जागा मात्र स्वतःची लागते. किनाऱ्यावर भरतीरेषेपासूनचे अंतर आणि किनारा नियमन क्षेत्राची परवानगी यांचाही अडसर येतो. तळाशीलसारख्या पट्टीवर एका बाजूने समुद्राची व दुसऱ्या बाजूने खाडीची रेषा मोजावी लागते. समिती विचारते ते किती घरकुले मंजूर, किती अपुरी. ती अपुरी का राहिली याचे उत्तर बरेचदा पर्यावरण विभागाकडे असते, आणि तो विभाग या साक्षीला नसतो.

बंधारा : धूपप्रतिबंधक बंधारा हे राज्य शासनाच्या पत्तन यंत्रणेचे काम, जिल्हा परिषदेचे नव्हे. म्हणून गावाला जे सर्वांत हवे तेच या समितीच्या कक्षेबाहेर राहते. त्यासाठी आमदाराने लक्षवेधी सूचना मांडावी, तारांकित प्रश्न विचारावा किंवा पुरवणी मागण्यांवर बोलावे, एवढाच मार्ग उरतो.

2022 नंतर : मार्च 2022 मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेची मुदत संपली. इतर मागासवर्गीय आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्या काळात स्थायी समिती नव्हती, आरोग्य समिती नव्हती, सभापती नव्हते. कोकणातील स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाच्या विधान परिषद सदस्याची मुदतही मे 2024 मध्ये संपली, आणि मत द्यायला निवडून आलेले सदस्यच पुरेसे नसल्याने ती निवडणूकही लगेच झाली नाही. खर्च चालूच होता. अशा काळात पंचायती राज समिती ही जिल्हा परिषदेच्या खर्चावरची जवळजवळ एकमेव लोकनियुक्त नजर ठरते. कित्येक वर्षांनी येणाऱ्या तीन दिवसांच्या दौऱ्याने हे ओझे पेलणे शक्य नाही.

गावाच्या स्वतःच्या हातीही काही मार्ग आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा 80 टक्के वाटा महाराष्ट्रात थेट ग्रामपंचायतींना मिळाला. त्याचा हिशेब आधी ग्रामसभेपुढे यावा लागतो, आणि ग्रामसभा वर्षातून किमान चार घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथे उत्तर न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 खाली ग्रामपंचायतीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या माहिती अधिकाऱ्याकडे लेखापरीक्षण अहवाल व त्याचे अनुपालन मागता येते. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे.