नऊ फटींची जीप

आधी मागच्या फाळक्यावर वायर ब्रश चालवा. खडकी बाजाराच्या मागच्या अंगणात ही जीप घाणेरीच्या जाळीत चाकांपर्यंत रुतली आहे, आणि पाऊस कधीही पुन्हा सुरू होईल. लिबियाच्या वाळवंटात महायुद्धात सोडून दिलेला एक शेव्रोले ट्रक १९८० साली सापडला, तो आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. कोरड्या हवेनं तो जपला. खडकीचा पावसाळा असले लाड करत नाही. इथे पत्रा दाबाल तर बोट आरपार जातं.

"महिंद्रा आहे साहेब, त्यात काय ओळखायचं?" मेस्त्री म्हणतात. आरसी बुकातही तेच लिहिलंय. फाळकाही त्यांच्याच बाजूनं साक्ष देतो, कारण लष्करी जीपला मागे उघडणारा फाळका नसे, तिथे स्टेपनी टांगलेली असे. तरी घासत राहा.

पांढरा रंग सुटतो, त्याबरोबर निवडणुकीचं अर्धं चिन्ह. खाली हिरवा लागतो, आणि तुम्ही १९७२ च्या दुष्काळात आहात. खडी फोडणाऱ्या बायकांच्या रांगेपाशी गाडी थांबते. तोंडात धूळ, मांडीवर हजेरीपट. कुणीतरी विचारतं, "साहेब, पगार कधी?" तुमच्याकडे उत्तर नाही. वर्षभरानं पेट्रोल भडकेल आणि पुढे कधीतरी मालक डिझेल इंजिन बसवून घेईल. त्या वेल्डिंगचे ओबडधोबड टाके आता तुमच्या तळहाताला टोचताहेत.

मधल्या काळात फार रेंगाळू नका. १९४५ सालची महिंद्रा अँड मोहम्मद १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झाली. भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले होते. या गाडीची मागची बॉडी त्या कंपनीच्या जीपची. बाकीचं?

पुढे या, जाळीच्या फटी मोजा. युद्धानंतरच्या नागरी जीपला सात. इथे नऊ! दिव्याचा विंग नट सैल करा. गंज करकरतो, पण दिवा मागे वळतो, थेट इंजिनाकडे. रात्रीच्या दुरुस्तीसाठीच ही सोय होती.

आता १९४४ आहे. सहा व्होल्टचा पिवळट उजेड, पेट्रोलचा वास, दूर दारूगोळा कारखान्याची रात्रपाळी. १८६९ पासून तो इथेच आहे. बॉम्बे सॅपर्सचा एक जवान तुमच्या हातात पाना देतो. "धर घट्ट, मी पिळतो." तुम्ही धरता. बोल्टच्या डोक्यावर अंगठा फिरतो आणि इंग्रजी 'एफ' लागतो.

हा 'एफ' म्हणजे फोर्डचा हट्ट. आराखडा विलीज कंपनीचा, पण अमेरिकन सरकारला जीपा अपुऱ्या पडल्या म्हणून फोर्डही त्याच बनवू लागली. विलीजनं साडेतीन लाखांहून जास्त, फोर्डनं पावणेतीन लाखांहून जास्त बनवल्या. सुटे भाग एकमेकांना बसत, तरी आपला माल ओळखू यावा म्हणून फोर्डनं बोल्टसुद्धा सोडला नाही.

पण बोल्टवर भिस्त ठेवू नका. ऐंशी वर्षांत बोल्ट कुठून कुठे जातात! रेडिएटरखाली वाकून चासीची आडवी पट्टी चाचपा. विलीजची गोल नळी असते, फोर्डची उलट्या पन्हाळीसारखी. तुमची बोटं कडेवर अडतात. चौकोनी. मग डाव्या चासीवर, इंजिनाच्या पुढच्या माउंटिंगजवळ, रॉकेलचा बोळा फिरवा. आधी चांदणी उजळते, मग फोर्डच्या जीपांची खूण 'जीपीडब्ल्यू', मग आकडे.

मेस्त्री उकिडवे बसतात, चष्मा सरसावतात. "म्हणजे चासी फोर्डची, अंग महिंद्राचं, इंजिन तिसऱ्याचंच. आरटीओत साल कुठलं सांगणार?"

"चासीचं."

"ते मानतील?"

कागद लावा, पेन्सिल आडवी धरा आणि चासी प्रिंट काढून घ्या. दोन प्रती काढा; एक ते ठेवून घेतात.