पायडलाची कुळकथा

सुरत-जळगाव लोहमार्गावरील चिंचपाड्यासारख्या लहान स्थानकाच्या गावी राहणाऱ्या माणसाला जगप्रवास घडतो तो बहुधा आरामखुर्चीतच. आणि ज्याला सायकलस्वारांच्या प्रवासवर्णनांचा माझ्यासारखा नाद जडला आहे, त्याला तर त्या खुर्चीतून न उठता वाळवंटे ओलांडण्याचे आणि बर्फाचे घाट चढण्याचे सुख वारंवार लाभते. अशाच एका दुपारी, आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा या मुंबईच्या तीन पारशी तरुणांनी लिहिलेले, 1931 साली प्रसिद्ध झालेले जगप्रदक्षिणेचे इंग्रजी पुस्तक वाचता वाचता मिटून मी सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेलो असता जो एक शब्द कानी पडला, त्याने पुढे कित्येक महिने माझी पाठ सोडली नाही.

शाळेच्या गणवेशातील एक मुलगी आपली सायकल घेऊन उभी होती. "काका, पायडल सारखं निसटतंय," ती म्हणाली. मिस्त्रीने पाना लावला, आणि एरवी ज्या दिशेने आवळायचे त्या दिशेने फिरवून ते अलगद सोडवून हातात घेतले. "डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ताई. कोणीतरी जबरदस्तीनं सरळ फिरवून बसवलंय." चालता चालता डाव्या बाजूचे पायडल आपोआप सुटू नये म्हणून त्याचे आटे उलटे पाडलेले असतात, हे मलाही ठाऊक होते. मला थबकवले ते त्या यंत्ररचनेने नव्हे, तर शब्दाने. ज्या पुस्तकात मी क्षणापूर्वी 'पेडल' वाचले होते, त्याच वस्तूला ती मुलगी आणि तो मिस्त्री, दोघेही, किती स्वाभाविकपणे 'पायडल' म्हणत होते!

इंग्रजी 'पेडल' हा फ्रेंच आणि इटालियन भाषांतून आलेला शब्द लॅटिनमधील पाऊल या अर्थाच्या 'पेस' शब्दाचा वंशज. त्या 'पेस'ची षष्ठी 'पेडिस'. ग्रीकांचा 'पूस', इंग्रजांचा 'फूट', इराणी लोकांचा 'पाय' आणि आपल्या संस्कृतातील 'पद' व 'पाद' ही सारी एकाच मूळ पुरुषाची लेकरे आहेत, याविषयी भाषाशास्त्रज्ञांत दुमत नाही. संस्कृत 'पाद' प्राकृताच्या वाटेने मराठीत 'पाय' होऊन स्थिरावला. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी विभक्त झालेल्या एका घराण्याच्या दोन शाखा, एक रोमच्या वाटेने आणि एक आपल्या वाटेने, फिरत फिरत येऊन सायकलच्या एका लोखंडी तुकड्यावर पुन्हा भेटल्या, आणि मराठी जिभेने आपल्या भाऊबंदाला बिनचूक ओळखून 'पेडल'मधील परक्या पायाच्या जागी घरचा पाय बसवला. हा माझा सिद्धांत.

सायकलीचा सर्वपरिचित इतिहास एका परिच्छेदात आटोपतो: 1817 साली जर्मनीतील ड्राइस याने बिनपायडलाची, जमिनीवर पाय मारीत ढकलायची गाडी केली, 1860 नंतरच्या दशकात पॅरिसमध्ये पुढच्या चाकाला पायडले लागली, ती मिशो घराण्याने लावली की लालमाँने, हा तंटा अद्याप मिटलेला नाही, 1885 मध्ये स्टार्लीने साखळीची सुरक्षित सायकल बाजारात आणली आणि 1888 मध्ये डनलॉपने हवेचा टायर दिला. या इतिहासापेक्षा मला त्या यंत्राच्या नावांची हकीकत अधिक मोलाची वाटते. ड्राइसच्या यंत्राला फ्रेंचांनी दिलेले नाव 'व्हेलोसिपेड', म्हणजे शीघ्रपाद! पायडल जन्मण्यापूर्वीच पाय नावात होता. पुढे 1868 च्या सुमारास 'बायसिकल', म्हणजे दुचाकी, हे नाव रूढ झाले आणि पायाला नावातून हद्दपार करून चाकाने त्याची जागा घेतली.

नेमके हेच नाट्य महाराष्ट्रात पुन्हा घडले. हे वाहन आपल्याकडे नवे होते तेव्हा मराठीने त्याला 'पायगाडी' म्हटले, आणि हे नामकरण एकाकी नव्हते. पायांनी भाता हलवून वाजवायच्या वाद्याला संगीत नाटकांच्या त्या काळात 'पायपेटी' म्हणत. इथे एक विलक्षण योग जुळतो. इंग्रजीत 'पेडल' हा शब्द सतराव्या शतकाच्या आरंभी आला तो वाहनासाठी नव्हेच, ऑर्गन वाद्याच्या पायपट्टीसाठी. म्हणजे युरोपात पेडल वाद्यावरून वाहनावर गेले, आणि आपल्याकडे पायपेटी व पायगाडी या जणू जुळ्या बहिणी एकाच रीतीने नावारूपाला आल्या. पुढे 'पायगाडी' मागे पडली आणि 'सायकल' सर्वत्र झाली. परंतु जाता जाता तिने आपली मिळकत, म्हणजे आपला 'पाय', पायडलाच्या नावे करून दिला, असे मी मानतो. अशा शब्दाचा जन्म दप्तरात होत नाही, दुकानात होतो. त्याला जन्माचा दाखला कोण देणार?

प्रतिपक्षाची कैफियत मात्र नीट ऐकली पाहिजे. कोणी म्हणेल की यात ओळख-बिळख काही नाही. अशिक्षित जिभेने परका शब्द वाकडा केला, इतकेच. तसे असते तर तीच जीभ 'मेडल'चे 'मायडल' का करीत नाही? शर्यतीत बक्षीस मिळालेला मुलगा 'मेडल'च मिळाले म्हणतो, आणि ज्या सायकलवर ते मिळाले तिचे मात्र 'पायडल' मारतो. दोन शब्दांत तफावत आहे ती एका अक्षराची. जिथे अर्थाने हाक घातली तिथेच स्वर बदलला. दुसरा पक्ष म्हणतो, हा शब्द हिंदी 'पैडल'वरून आला. परंतु हिंदीतील आणि मराठीतील 'मैदान' मैदानच राहिले, 'मायदान' झाले नाही. 'पैसा'ही पैसाच राहिला. मग एकट्या 'पैडल'नेच 'पाय' का व्हावे? माझ्या मते त्याचे कारण मराठीत पूर्वीपासून तयार असलेला एक साचा: 'पायदळ'. शिवकालापासून फौजेच्या मजकुरात वावरणारा हा शब्द उच्चारात पायडलाच्या इतका निकट आहे की नवागताला त्या साच्यात बसायला फारसा आयास पडला नसावा. फारसीतून आलेली 'पायमल्ली', घरची 'पायवाट', 'पायपीट', 'पायरी' आणि 'पायंडा' असा सारा गोतावळा उंबरठ्यावर उभा असता, पेडल परके राहणे शक्यच नव्हते.

आता या शब्दाचा आणि आरामखुर्चीतील माझ्या पुस्तकांचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध असा की, सायकलप्रवासाचे पुस्तक हेदेखील पायी प्रवासाच्याच कुळातले आहे, अशी माझी खात्री या शब्दाने करून दिली. याला विरोधी मतही आहे, आणि ते दुर्बल नाही. सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला पुरुष टॉमस स्टीव्हन्स 1884 साली सान फ्रान्सिस्कोहून निघाला, 1886 मध्ये लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आपल्या ग्रँड ट्रंक रोडने गेला, आणि त्याचा दोन खंडी ग्रंथ 1887-88 मध्ये निघाला. पण त्याचा मजकूर आधी ज्या मासिकात आला ते सायकल कारखानदाराच्या हितसंबंधातले होते. सबब, हे वाङ्मय जाहिरातीच्या पोटी जन्मले, असे म्हणणारे म्हणतात. मला ते अर्धेच मान्य आहे. स्टीव्हन्सने आपली उंच चाकाची सायकल डोंगरात आणि वाळूत मैलोगणती ढकलत नेली. कारखानदार त्याचा आश्रयदाता असेल, पण त्याचे वाक्य चालणाऱ्या माणसाचे आहे.

आणि मुंबईच्या त्या तरुणांचे उदाहरण तर माझ्या बाजूचा सबळ दस्तऐवज आहे. युरोपातून हिंदुस्थानापर्यंत पायी चालत आलेल्या एका फ्रेंच गृहस्थाचे ओव्हल मैदानावरील व्याख्यान ऐकून या मंडळींच्या मनात प्रवासाची ठिणगी पडली. 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा जण निघाले आणि 18 मार्च 1928 रोजी तिघे सुमारे 44,000 मैलांची प्रदक्षिणा पुरी करून परतले. म्हणजे भारतीय सायकलप्रवासग्रंथाच्या मुळाशी एक पायी चाललेला माणूस आहे! पुढे 1963 साली आयर्लंडहून दिल्लीला आलेल्या डर्व्हला मर्फी हिला दहाव्या वाढदिवशी एक सायकल आणि एक नकाशांची पोथी अशा दोन भेटी मिळाल्या होत्या, आणि तेव्हाच तिने हिंदुस्थान गाठायचे ठरवले. तिच्या पुस्तकातही मुक्कामाचे अंतर, रस्त्यावर मिळालेली भाकरी आणि अनोळखी घरचा निवारा यांचेच राज्य आहे. 1857 च्या धामधुमीत वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या आपल्या विष्णुभट गोडशांची प्रवासकथा ज्याने वाचली आहे, त्याला हे सायकलस्वार परके वाटणार नाहीत. ज्याचे पाय मजल मोजतात, त्यालाच वाटेतील माणूस दिसतो. आगगाडी नवापूरच्या स्थानकात येते तेव्हा निम्मी महाराष्ट्रात आणि निम्मी गुजरातेत उभी राहते, पण डब्यात बसलेल्याला ती सीमा जाणवतही नाही. सायकलस्वाराला मात्र पाटी, बोली आणि चहाची चव यांचा पालट पायडलागणिक कळतो.

मुलीच्या सायकलीला त्या दिवशी नवे पायडल बसले, उलट्या आट्यांचे, उलट्या दिशेने आवळलेले. आणि एका पायाने टेकू घेत ती शाळेच्या रस्त्याला लागली. माझी संपादकांना आणि मुद्रितशोधकांना एवढीच विनंती आहे की, मराठी लेखकाने 'पायडल' लिहिले असता ते अशुद्ध समजून त्याचे 'पेडल' करू नये. ती चूक नव्हे. ती आपल्या भाषेने ओळखलेली सोयरीक आहे.