गाव कुठलं म्हणालात?

मराठी माणसाशी ओळख वाढली की तीन प्रश्न चुकत नाहीत. नाव काय, काय करता आणि गाव कुठलं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी जन्मभर बिनचूक दिली. (काहीही करत नसलो तरी दुसऱ्याचं उत्तर बिनचूक दिलं.) तिसऱ्या प्रश्नाला मात्र मी साठ वर्षं खोटं बोलत आलो.

याची सुरुवात झाली मुंबईच्या शाळेत. मास्तरांनी विचारलं, "गाव कुठलं रे?"

"अंजनवेल," मी म्हणालो.

"म्हणजे कुठे आलं?"

"दाभोळच्या समोर."

"मग सरळ दाभोळ म्हण की! समोरनं कशाला येतोस?"

वर्ग हसला. मी त्या दिवसापासून सरळ दाभोळचा झालो.

आता यात माझा एकट्याचा दोष नव्हता. वाशिष्ठी नदी जिथे समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या अंगाला दाभोळ आणि दक्षिणेच्या अंगाला अंजनवेल. आम्ही मे महिन्यात बोटीने गावी जायचो, तर तिकीट दाभोळचं. बोट लागायची दाभोळला. तिथून होडीत बसून पलीकडे जायचं. होडीवाल्याला मात्र कुठे जायचं हे सांगावं लागत नसे, त्यामुळे तिथेही गावाचं नाव घ्यायची वेळ आली नाही. पुढे नोकरीला लागलो. तिथे पुण्याकडच्या मंडळींना दाभोळही ठाऊक नसायचं, त्यांच्यासाठी मी 'गुहागर' म्हणू लागलो. त्यांच्या डोळ्यांपुढे लगेच समुद्र, पोफळीच्या बागा आणि व्याडेश्वर उभा राहायचा. नागपूरच्या एका साहेबांसाठी तर मी 'कोकण' एवढंच गाव सांगितलं. ते म्हणाले, "अरे वा, आमची मावशी पनवेललाच असते!"

असा मी गाव बदलत बदलत सत्तरीला टेकलो आणि गेल्या शिमग्याला गावी गेलो असताना पकडला गेलो.

झालं असं की, गावातली मुंबईवाली पोरं शिमग्याला आली होती. त्यातला एक चित्रकलेचं शिक्षण घेणारा. त्यांच्या मनात आलं, रस्त्याकडेची ती लांबलचक भिंत रंगवायची. शहरांतून हल्ली उड्डाणपुलांच्या खांबांवर अन् रेल्वेच्या भिंतींवर मोठमोठी चित्रं काढतात ना, तशी.

ती भिंत मी लहानपणापासून ओळखतो. जांभ्या दगडाची, वरून गिलावा केलेली. तिने जितकी सरकारं पाहिली तितकी मीही पाहिली नसतील. माझ्या लहानपणी तिच्यावर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता आणि त्याखाली 'दोन किंवा तीन पुरेत.' मी माझ्या आईवडिलांचा पाचवा. त्या भिंतीवरून जाताना मला उगाच अपराधी वाटायचं. पुढे तिथे सिमेंटची जाहिरात आली, मग निवडणुकांची चिन्हं, मग नव्वदीत वीज प्रकल्पाच्या घोषणा. मग पावसाने सगळं समभावाने धुऊन काढलं. इतिहास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

तर पोरं माझ्याकडे आली. "काका, तुम्ही पुस्तकं वाचता. भिंतीवर गावाचा इतिहास काढायचाय. तुम्ही सांगा, आम्ही रंगवतो."

पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला असं कुणी विचारलं की त्याचा हत्ती होतो. आणि खरोखरच मी हत्तीपासून सुरुवात केली.

१७२७ सालची गोष्ट. चिपळूणजवळ परशुरामला ब्रह्मेंद्रस्वामी राहायचे. मोठमोठे सरदार त्यांच्या शब्दापुढे वाकत. त्यांनी सावनूरच्या नवाबाकडून एक हत्ती आणला. हा हत्ती जायचा होता सिद्दी साताकडे. सिद्दी सात म्हणजे जंजिरेकरांचा अंमलदार. अंजनवेल आणि गोवळकोट त्याच्या ताब्यात. हत्ती निघाला. हत्ती निघाला की तो लपवता येत नाही, ही त्या जनावराची अडचण. वाटेत आंग्र्यांच्या माणसांनी तो अडवून ठेवला. सिद्दी साताला वाटलं, हे स्वामींचंच कारस्थान. त्याने महाशिवरात्रीच्या सुमारास परशुरामवर चाल केली, देऊळ मोडलं, लुटलं, माणसांचे हाल केले. हत्ती पुढे परत मिळाला म्हणतात, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. स्वामींनी कोकण सोडलं आणि घाटावर धावडशीला जाऊन राहिले. पुढे जंजिऱ्याविरुद्ध छत्रपती शाहूंची मोठी मोहीम निघाली, तिच्यामागे या दुखण्याचाही वाटा होता. १७३६ साली रेवसच्या बाजूला झालेल्या लढाईत चिमाजीअप्पांच्या फौजेने सिद्दी साताला मारलं.

"हत्ती काढायला मज्जा येईल," चित्रकार म्हणाला.

"पण काका," दुसरा एक जण जरा चिकित्सक होता, "हत्ती सावनूरचा, स्वामी धावडशीचे, देऊळ परशुरामचं, लढाई रेवसला. यात आपलं गाव कुठाय?"

"अंमलदार आपला होता ना!"

"तो जंजिऱ्याचा."

मी विषय बदलला आणि किल्ल्यावर आलो. किल्ला तरी कुठे जात नाही. खाडीच्या तोंडावरच्या टेकाडावर तो उभा आहे, जमिनीच्या अंगाने खोदलेला खंदक आहे, बुरूज आहेत. आदिलशाहीत त्याची सुरुवात झाली, १६६० च्या सुमारास तो शिवाजी महाराजांकडे आला, १६९९ मध्ये सिद्दी खैरातखानाने घेतला. मग सेहेचाळीस वर्षं तो सिद्द्यांकडे. १७४५ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी तो जिंकला. दहा वर्षांत पेशव्यांनी तुळाजींचाच बंदोबस्त केला आणि किल्ला त्यांच्याकडे गेला. १८१८ मध्ये इंग्रजांनी तो पेशव्यांकडून घेतला. पुढे केव्हातरी तो खाजगी मालकीत गेला आणि आत हापूसची कलमं लागली. एवढ्या राजवटींत आतल्या माणसाला गोड वाटावं असं काही फक्त या शेवटच्या राजवटीने केलं.

"नाव काय लिहायचं खाली?" चित्रकाराने विचारलं.

"गोपाळगड. तुळाजींनी ठेवलं ते."

"म्हणजे आधी काय होतं?"

"आधी... अंजनवेलचा किल्ला."

तो चिकित्सक पोरगा माझ्याकडे बघत राहिला. मी घाईघाईने दीपगृहाकडे वळलो. तर त्या दीपगृहाचं सरकारी नाव टोळकेश्वर. शेजारी टाळकेश्वराचं देऊळ आहे, त्यावरून. सरकारने देवाच्या नावातसुद्धा काना काढून ओकार बसवला, पण अंजनवेल काही बसवलं नाही.

आणि प्रकल्प? १९९२ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या एन्रॉन कंपनीशी महाराष्ट्राची बोलणी पक्की झाली. प्रकल्प अंजनवेल, वेलदूर आणि रानवीच्या जमिनीवर, खाडीच्या आमच्या बाजूला. नाव ठेवलं, दाभोळ पॉवर कंपनी! १९९५ मध्ये तो करार रद्द झाला, १९९६ मध्ये बदलून पुन्हा झाला, १९९९ मध्ये वीज निघाली, २००१ मध्ये बंद पडली आणि त्याच वर्षाअखेर खुद्द एन्रॉनचं दिवाळं वाजलं. ही सगळी वर्षं जगातल्या वर्तमानपत्रांत दाभोळ, दाभोळ, दाभोळ. दाभोळच्या माणसाला प्रकल्प पाहायचा तर त्याने किनाऱ्यावर येऊन खाडीपलीकडे मान वर करून बघावं. २००५ मध्ये नवी सरकारी कंपनी झाली. म्हटलं, आता तरी! तर तिचं नाव रत्नागिरी गॅस अँड पॉवर. रत्नागिरी शहर तिथून कितीतरी दूर.

या सगळ्या वर्षांत मी काय करत होतो? मी मुंबईत लोकांना सांगत होतो, "माझं गाव एन्रॉनजवळ." लोक भुवया उंचावायचे. मला बरं वाटायचं.

दाभोळशी माझं भांडण नाही बरं का. मोठं बंदर होतं ते. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी बहामनी मुलखात हिंडला, तो परतीच्या जहाजात तिथूनच चढला. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने ते जाळून बेचिराख केलं. त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलच्या लढाईत पडला होता, त्याचा राग. त्या रात्री आमच्या बाजूच्या माणसांनी पाण्यावर पडलेला जाळाचा उजेड पाहिला असेल आणि दुसऱ्या दिवशी जमेल त्यांना होडीतून इकडे आणलं असेल. असेल म्हणतो, कारण हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. समोरच्या गावाचं कोण लिहितो?

आणि तरी, एकदा लिहिलं होतं. पोरांना मी हे शेवटी सांगितलं. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला रत्नागिरी जिल्ह्याचे तालुके होते सुवर्णदुर्ग, अंजनवेल, रत्नागिरी, विजयदुर्ग आणि मालवण. म्हणजे अंजनवेल हा अख्खा तालुका! आजचं चिपळूण, गुहागर, सगळं त्याच्या पोटात. त्या काळी चिपळूणच्या एखाद्या माणसाला विचारलं असतं, "कुठलं हो गाव?" तर तो बिचारा म्हणाला असता, "अंजनवेलकडचं."

पोरं टाळ्या पिटून हसली. एकाने तर तिथल्या तिथे चिपळूणच्या मित्राला फोन लावला आणि "काय रे, आमच्या तालुक्यातल्या!" म्हणून हाक मारली.

चार दिवसांत भिंत तयार झाली. किल्ला आला, हत्ती आला, दीपगृह आलं, प्रकल्पाची धुराडी आली. काळा झगा, उंच टोपी आणि पांढरी दाढी असा संकासूर आला आणि तो इतका हुबेहूब आला की, संध्याकाळी लहान मुलं भिंतीच्या पलीकडच्या कडेने जाऊ लागली. काढणाऱ्यांनी पाठ थोपटून घेतली. मीही घेतली.

पालखी आमच्या वाडीत यायची होती त्या सकाळी अंगणं शेणाने सारवली गेली आणि दारादारांत रांगोळ्या पडल्या. आमच्या काकींनी, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी, ओणवं होऊन दीड तास ठिपके जोडले. मी म्हटलं, "काकी, ढोलवाले आणि पालखीवाले पाच मिनिटांत पुसून टाकतील हो."

"पुसायलाच काढलीय," काकी म्हणाल्या. "पाय कुणाचे पडतात ते बघ की."

मग कंबरेवर हात ठेवून त्या भिंत बघायला आल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. हत्तीपाशी थांबल्या, संकासुराला नमस्कार केला. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "छान झालंय हो बाळ. पण हे कुठलं गाव?"

आम्ही सगळे भिंतीकडे बघू लागलो. गोपाळगड लिहिलं होतं. टोळकेश्वर लिहिलं होतं. धुराड्यांखाली दाभोळ प्रकल्प लिहिलं होतं. चाळीस फूट भिंतीवर अंजनवेल ही पाच अक्षरं कुठेही नव्हती. मजकूर मी दिला होता.

तेवढ्यात ढोल वाजले आणि पालखी आली. रूपं लावलेली, गोंड्यांची, गुलालाने माखलेली. पोरांनी ती खांद्यावर अशी नाचवली की माझ्या पोटात गोळा आला. मग ती आमच्या अंगणात टेकली, काकींची रांगोळी पायांखाली गेली, ओटी भरली, नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू झालं. गाऱ्हाणं घालणारा गृहस्थ माझ्या वयाचा. लहानपणी आम्ही एकत्र कैऱ्या चोरलेल्या. त्याने डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात देवीला सांगू लागला की, तुझ्या या अंजनवेल गावचा, या या घराण्यातला, अमक्याचा मुलगा आणि तमक्याचा नातू, पोटासाठी मुंबईत राहतो, तुझ्या पायांशी आलाय, त्याला आणि त्याच्या मुलाबाळांना सांभाळ. आणि भोवतालची सगळी माणसं एका आवाजात म्हणाली, "व्हय महाराजा!"

साठ वर्षं मी या गावाला नाव सांगताना वगळत होतो. आणि दर शिमग्याला, मी हजर असो वा नसो, इथे कुणीतरी मला गावाच्या नावासकट देवीपुढे उभं करत होतं. मी चष्मा पुसला. गुलाल गेला होता डोळ्यांत.

दुपारी चित्रकार उरलेला तांबडा रंग घेऊन आला. "काका, कुठे लिहू?" जागा शिल्लक नव्हतीच. शेवटी हत्तीच्या पोटावर जागा निघाली. सावनूरचा तो हत्ती आता अंजनवेलचा झाला आहे. सिद्दी साताला जे जमलं नाही ते आम्ही करून दाखवलं.

परत येताना चिपळूणला गाडीत बसलो. समोरच्या गृहस्थांनी चिवड्याचा डबा पुढे केला, नाव विचारलं, काय करता विचारलं. मी सावरून बसलो.

"गाव कुठलं म्हणालात?"

"अंजनवेल."

"अंजनवेल? म्हणजे कुठे आलं?"

"तुम्हाला दाभोळ ठाऊक आहे?"

"हो, हो! आहे ना!"

"ते आमच्या समोर आहे," मी म्हणालो आणि चिवड्याचा मोठा बकाणा भरला.