मोफत विद्या आणि शिकविणारा माणूस

विद्या फुकट मिळावी की नाही, हा वाद आमच्या चळवळीत कधीच नव्हता. ती कामकऱ्याच्या पदरी पडते कशी, एवढाच आमचा प्रश्न. संगणकावरील मोफत पाठ्यपुस्तकांचा व अभ्यासक्रमांचा पाव शतकाचा इतिहास आम्ही त्याच नजरेने वाचतो.

त्याची पूर्वपीठिका विलायतेतली. 1969 साली तेथे मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली. मंत्रिपदावरून त्यासाठी झगडणाऱ्या जेनी ली या स्कॉटलंडमधील खाणकामगाराच्या कन्या. 1971 च्या जानेवारीत सुमारे 24 हजार विद्यार्थी शिकू लागले. पूर्वपरीक्षेची अट नाही. व्याख्याने रेडिओ-दूरदर्शनवरून होत, प्रयोगाची पेटी घरपोच जाई. परंतु खरी गोष्ट निराळीच. टपालाने धाडलेला गृहपाठ शिक्षक तपासून, शेरा लिहून परत करी. फी होती, पण पलीकडे माणूसही होता.

2001 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपल्या अभ्यासक्रमांची टिपणे व प्रश्नपत्रिका जगाला खुल्या करण्याचे जाहीर केले. मोठ्या मनाचे काम. मात्र त्यात पदवी नव्हती आणि शंका विचारायला गुरुजी नव्हते. 2008 साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठातर्फे जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स यांनी वेगळी वाट धरली: फी भरणारे 25, फुकट शिकणारे दोन हजारांवर, आणि शिकविणे बरेचसे शिकणाऱ्यांनीच एकमेकांना. युनियनच्या अभ्यासमंडळांची आठवण व्हावी असा हा प्रकार!

2011 मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत वर्गात सुमारे 1 लक्ष 60 हजार नावे नोंदली गेली. शेवटपर्यंत पोहोचले वीस हजारांच्या आसपास. भांडवलाला पहिला आकडा तेवढा दिसला. कंपन्या निघाल्या. 2013 मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होझे विद्यापीठाने अशाच एका कंपनीबरोबर दीडशे डॉलर फीचे गणिताचे वर्ग काढले. अंतिम परीक्षेत निम्म्याहून अधिक नापास झाले, आणि जुलैत प्रयोग थांबला.

त्याच विद्यापीठातील तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी त्या एप्रिलअखेर हार्वर्डच्या मायकेल सँडेल यांना जाहीर पत्र लिहिले. सँडेल यांची चित्रित व्याख्याने वर्गात वापरण्यास त्यांनी नकार दिला होता. व्यक्तीवर राग नव्हता. श्रीमंतांच्या मुलांना जिवंत शिक्षक आणि इतरांना त्याचे चित्र, असे दोन तट पडतील व प्राध्यापकांवर घरी बसण्याची पाळी येईल, हे भय होते. या अभ्यासक्रमाने सहकाऱ्यांवर गदा येऊ नये, असे सँडेल यांनीही कळविले. 1928 साली मुंबईच्या साचेखात्यात दोनांऐवजी तीन साचे एकाच्या गळ्यात पडू लागले, तेव्हा संप का झाला, हे या प्राध्यापकांना सांगावे लागले नसते.

हार्वर्ड व एमआयटीने 2012 मध्ये नफ्याविना चालविण्यासाठी काढलेली एडेक्स ही संस्था 2021 साली 80 कोटी डॉलरांना एका कंपनीला विकली गेली. ती कंपनी 2024 मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. एमआयटीची टिपणे मात्र खुलीच राहिली. टेक्सासच्या राइस विद्यापीठाने 2012 पासून काढलेली मोफत पाठ्यपुस्तकेही अशाच परवान्यावर आहेत: नक्कल करा, भाषांतर करा, दिलेला परवाना परत घेता येत नाही. त्यांतले भौतिकशास्त्राचे एखादे मराठीत आणून, रात्री आठनंतर पाळी सुटलेल्यांसमवेत बसतील असे पाच-सहा शिक्षक आम्हांला हवे आहेत.