भंडारा जिल्ह्यातील भांडी, मोरी आणि राख

भंडारा या नगराच्या नावाचा संबंध पितळी भांड्याशी जोडण्याची प्रथा बरीच जुनी आहे. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरकारांनी ‘भाणारा’ हे स्थानिक रूप नोंदवून ते ‘भाणा’ म्हणजे पितळी थाळी या शब्दावरून आले असावे, असे मत दिले, आणि पुढे ‘पितळेचे शहर’ हा लौकिक त्या मताच्या आधाराने दृढ झाला. रतनपूरच्या कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या इ. स. १११४ च्या शिलालेखात खंडणी देणाऱ्या प्रदेशांत लांजिकेबरोबर भाणाराचाही उल्लेख आहे. तेव्हा नाव निदान नऊशे वर्षांचे आहे, हे निश्चित. परंतु त्या काळी तेथे पितळेचा धंदा चालत होता असे या लेखावरून सिद्ध होत नाही. केवळ ध्वनिसाम्यावर उभारलेली व्युत्पत्ती कितीही आकर्षक असली तरी तिला पुराव्याची जागा देता येत नाही.

पुराव्याची ही उणीव आकस्मिक नव्हे. याच जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केले, तेथे खापरे मिळाली. कारण फुटलेले मडके कोणी परत घेत नाही. पितळेचे तसे नाही. गळका गुंड किंवा चेपलेला गडवा कासाराकडे मोडीत जातो, वितळतो आणि नव्या रूपाने घरात परततो. म्हणजे ज्या वस्तूने नगराला कीर्ती दिली तीच आपला माग पुसून टाकते. मग ती वस्तू दररोज घासणाऱ्या हातांचा माग कोठे शोधावयाचा? कासारांविषयी जातिवर्णनपर ग्रंथांतून काही ना काही वाचावयास मिळते. भांडी घासणाऱ्या स्त्रियांविषयी कागदपत्रे जवळजवळ मूक आहेत. या इतिहासाचे साधन म्हणून उरतात ते घासण्याची रीत, तिची साधने आणि ती जेथे चाले ती जागा.

ती जागा म्हणजे मोरी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात किंवा मागील पडवीत जमिनीलगत फरशी बसविलेली, बोटभर उंच काठाची, आणि भिंतीतल्या भोकावाटे पाणी परसात सोडणारी ही चौकोनी जागा. स्त्री उकिडवी बसून येथे गंज, परात, गुंड घाशी. राख चुलीतली, आणि भंडाऱ्यासारख्या धानाच्या मुलखात तीत धानाच्या तुसाची राखही मिसळलेली. हा तपशील किरकोळ वाटेल, पण रसायनदृष्ट्या तो फार महत्त्वाचा आहे. लाकडाच्या राखेतील पोटॅशियम कार्बोनेट हा क्षार तेलतुपाचा ओशटपणा सोडवितो; तुसाच्या राखेत सिलिका बहुतांशी ऐंशी टक्क्यांहून अधिक असते, आणि तिचे बारीक कण घासण्याचे काम करतात. जिल्ह्याच्या मुख्य पिकाने आपल्या टाकाऊ भागातून जिल्ह्याच्या मुख्य धातूला झळाळी द्यावी, हा योग मोठा मौजेचा आहे. तणशीची किंवा चिंध्यांची घासणी ओली करून राखेत बुडविली की साहित्य पुरे झाले.

राखेने मात्र पितळेचा काळपटपणा जात नाही. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. हवा व ओल यांनी त्यातील तांब्यावर काळसर थर चढतो, आणि आंबट पदार्थ राहिल्यास हिरवट कळंक येतो. येथे चिंचेचे काम लागे. चिंचेतील टार्टरिक आम्ल तो थर विरघळविते व खालचा पिवळा धातू उघडा पाडते. आतल्या बाजूस अन्न कळकू नये म्हणून कल्हई हवी. भांडे तापवून नवसागर टाकावयाचा, कथील फिरवावयाचे आणि कापसाने पुसून घ्यावयाचे, हे कल्हईवाल्याचे काम. कथील २३२ अंश सेल्सिअसलाच वितळते, म्हणून त्याचा हातभाता पुरेसा होई.

क्षार आणि आम्ल यांचा हा संयोग केवळ लोकव्यवहारातला नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तांबे, लोखंड, कासे, पितळ, कथील व शिसे यांची शुद्धी यथायोग्य क्षार, आम्ल व पाणी यांनी करावी, असे विधान आहे. स्मृतिकाराने घरातील अनुभव शास्त्रात नोंदविला, शास्त्राने घराला शिकविले नाही, असेच मानणे सयुक्तिक दिसते. परंतु त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी फुटक्या भांड्यांत जेवावे असेही सांगितले आहे. धातूचे भांडे घासून शुद्ध होते, माणूस मात्र होत नाही, अशी ही व्यवस्था होती. आणि भांड्यांच्या स्वच्छतेचा इतिहास लिहिताना ही बाजू गाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालच्या आपल्या जातिनिर्मूलनविषयक पुस्तिकेत अहमदाबाद जिल्ह्यातील एका गावाची हकीकत दिली आहे : तेथे १९३५ साली अस्पृश्य स्त्रिया धातूच्या घागरींतून पाणी आणू लागल्या, एवढ्यावरूनच त्यांच्यावर हल्ला झाला. हेच आंबेडकर १९५४ साली भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले व पराभूत झाले. पुढील वर्षी, म्हणजे १९५५ साली, संमत झालेल्या अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमात उपाहारगृहांतील सार्वजनिक भांडी वापरू न देणे हा स्पष्टपणे गुन्हा ठरविण्यात आला. कपबशी कोणी विसळावयाची आणि कोणाची वेगळी ठेवावयाची हा प्रश्न कायद्याच्या कलमापर्यंत पोहोचला होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲल्युमिनियम व पुढे निष्कलंक पोलाद, म्हणजेच स्टील, घरोघर आले, आणि पितळेची पिछेहाट झाली. राखही त्यामुळेच गेली, असे सामान्यतः समजले जाते. ते अर्धेच खरे आहे. स्टीलची भांडीही कित्येक वर्षे राखेनेच घासली जात होती. राखेला खरा अडसर झाला तो ओटा व त्यातील सिंक यांचा. मोरीचे पाणी उघड्या पन्हळीने परसात जाई, तेथे राख अळू-केळीच्या मुळाशी पडे. सिंकच्या खाली मात्र नळीला वाकण असते. गटारातील दुर्गंधी वर येऊ नये म्हणून त्यात पाणी साचवून ठेवलेले असते, आणि तेथेच राखेचा गाळ बसून नळी तुंबते. त्यात चुलीची जागा गॅसने घेतल्यावर राखच दुर्मिळ झाली. पूड आणि १९९३ सालापासून बाजारात आलेली विमची वडी यांनी ती जागा भरून काढली. उकिडवे बसणे सुटले, उभे राहणे आले. घासणारे हात मात्र बहुतेक घरांत तेच राहिले.

या स्थित्यंतरात पितळ नाहीसे झाले असे मात्र नाही. सिंकवरील चकचकीत तोटी बहुधा पितळेचीच ओतीव असते. १९२० नंतरच्या दशकात व्यवहारात आलेल्या क्रोमियमच्या मुलाम्याखाली ती लपलेली असते. हा मुलामा इतका पातळ की राखेने किंवा वाळूने घासल्यास त्यावर चरे पडतात, आणि झिजून गेल्यावर पिवळा धातू दिसू लागतो. स्टीलच्या सिंकलाही मीठ किंवा क्लोरिनयुक्त द्रावण साचून राहिल्यास बारीक खड्डे पडतात. विहिरीच्या वा कूपनलिकेच्या जड पाण्याचे पांढरे पुट तोटीच्या मुखाशी धरते, ते मुख्यतः चुनखडीचे असते आणि सौम्य आम्लाने सुटते. त्यासाठी बाजारी द्रावणाऐवजी चिंचेचा कोळ थोडा वेळ लावून ठेवावा व लगेच स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडे पुसावे, एवढे पुरते.